सकाळ पुरे, संध्याकाळी बघ

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. ‘काका, थंडीतल्या पक्ष्यांवर काम करायचंय, पण ग्वाल्हेरात कसली थंडी? लडाखला जाऊ की परदेशी अर्ज करू?’ अगं, कडाक्याच्या दिवसांत आपल्याकडे पारा ४-५ अंशांवर येतो. त्या धुक्यात ७-८ ग्रॅमचा वटवट्या ४० अंशांचं अंग सांभाळत बसलेला असतो. रात्र साडेतेरा तासांची, आणि तेवढ्या वेळात एक किडा पोटात जात नाही. आणखी कसली थंडी हवी तुला?

तुमचा ग्रुप पहाटे तिघरा धरणावर जातो. फोटो, यादी, मग कचोरी. जा, खुशाल जा. पण संध्याकाळी बघ. पक्षी सकाळपर्यंत जगणार की नाही, हे सूर्य मावळायच्या आधीच्या तासात ठरत असतं.

दिवसभर खाऊन जमवलेली चरबी रात्री जळून जाते, उजाडलं की पुन्हा सुरुवात. संसार रोजंदारीवरचा. मग जास्त का साठवत नाहीत? जड पक्षी चटकन उडत नाही, आणि शिक्रा टपलेलाच असतो. किती खायचं आणि कधी थांबायचं, यातच सगळं आलं. म्हणून म्हणतो, संध्याकाळी बघ. शेवटपर्यंत कोण चरतं, झुडपात लवकर कोण शिरतं? वेडे राघू फांदीवर खेटून बसतात, सातभाईही. त्यात मधे कोण आणि गार कडेला कोण? पांढऱ्या कंठाच्या मुनिया सुगरणीच्या जुन्या खोप्यांत रात्र काढतात. तेच खोपे आपली माणसं तोडून दिवाणखान्यात टांगतात. तुझ्या प्रोफाइलवरच्या फोटोत, मागच्या भिंतीवर, एक दिसला मला. राग आला, खोटं कशाला सांगू.

पिसं फुगवून हवा कोंडणं, छातीचे स्नायू थरथरवून ऊब करणं, पायांत उतरणाऱ्या गरम रक्तानं परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच तापवणं, हे पुस्तकात मिळेल. उत्तर अमेरिकेतला ११ ग्रॅमचा चिकडी रात्री अंगाचं तापमान १०-१२ अंशांनी खाली आणतो, तेही मिळेल. पण तुझ्या गल्लीतला चष्मेवाला पक्षी काय करतो, ते पुस्तकावर सोडू नकोस. जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिख यांनी अमेरिकेतल्या मेन राज्याच्या बर्फाळ जंगलात ५-६ ग्रॅमच्या किंगलेट पक्ष्यांचा माग कधी काढला? दिवस मावळताना. म्हणून चार पक्षी एकमेकांत घुसून झोपलेले त्यांना सापडले. पहाटेच्या यादीत ते चार आकड्यापुरतेच उरले असते.

मला लोक विचारतात, यातून मिळालं काय? बढती नाकारली, कारण नव्या जागी अंधार पडेपर्यंत शाखेत बसावं लागलं असतं. घरात तो विषय अजून निघतो. निघो. गोरज मुहूर्ताच्या लग्नांना मी जेवायलाच पोचलो, तानसेन समारोहातल्या कितीतरी सभा हुकल्या. आपल्या लश्कर भागातली माणसं विक्षिप्त म्हणतात. पण सकाळी बघणारे पुष्कळ होते, कोणीतरी संध्याकाळी बघायला नको होतं का? खंत एवढीच की बरोबर यायला कधी कोणी तयार झालं नाही.

लडाखला जायचं तर जा, शिफारसपत्र मी देईन. त्याआधी हा हिवाळा किल्ल्याच्या उतारावरचं एकच झुडूप धर आणि रोज त्याच वेळी तिथे बस. कोण किती वाजता आलं, कोणाशेजारी टेकलं, ते लिही. कॅमेरा घरी राहू दे. टॉर्च अजिबात मारायचा नाही. झोपेतून उडवलेला पक्षी पहाटेसाठी राखलेली चरबी जाळून बसतो.

उद्या साडेचारला ये. कानटोपी घाल, आणि ग्रुपवर टाकू नकोस. दहा माणसं उभी राहिली तर त्या झुडपात काही कोणी शिरायचं नाही.

तुझा,
काका