आरती येते, पाणी मागता येत नाही

प्रश्न : मी इंदूरला बारावीत आहे, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. गेल्या वर्षी आजोबांना पक्षाघात झाला. ते आता चालतात, पण पाणी हवं असलं तरी 'चमचा, चमचा' म्हणतात. गणपतीची आरती मात्र सलग म्हणतात! त्यांच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमसारखं काम मला करायचंय. बाबा म्हणतात, 'ना धड डॉक्टर, ना धड मास्तरीण.' शिवाय माझी मराठी हिंदीमिश्रित. जमेल का?
— एक विद्यार्थिनी, सुदामानगर

उत्तर : तुला आरतीची गंमत वाटली, तिथेच मला तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. आजोबांचं जे झालंय त्याला ॲफेजिया म्हणतात. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते; तिथे इजा झाली की शब्द सापडेनासे होतात. आरती, वार, आकडे, अगदी शिव्यासुद्धा जन्मभराच्या सवयीने आपसूक बाहेर पडतात. तहान लागल्यावर 'पाणी' हा एक शब्द शोधून काढणं हे वेगळंच काम.

मॅडम काय करतात, नीट बघ. पेला समोर धरतात आणि गप्प बसतात. मग ओठ मिटून नुसतं 'पा...' म्हणतात. आपण घरचे तेवढं थांबत नाही, मायेपोटी शब्द आपणच पुरवतो. तुला मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबता येतं का, ते आजच करून बघ.

आता भाषा. दवाखान्यात हिंदी आणि घरात मराठी अशी आपल्या इंदूरकरांची दुहेरी चाल. पक्षाघातानंतर दोन्ही भाषा सारख्याच परत येतील असं नसतं. नुसतं 'पानी चाहिए?' विचारून पेशंटला जोखलं तर निम्मा माणूस तपासायचा राहतो. तुझी सरमिसळ मराठी इथे कामाचीच आहे. (व्याकरणाचे मार्क निराळे, त्यावर मी बोलत नाही.)

बाबांचं अर्धं खरं आहे, ही डॉक्टरकी नव्हे. पण डिग्री पक्की आहे : बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. तुझे विषय चालतात. म्हैसूरची 'आयश' ही वाचा आणि श्रवण या विषयांची 1965 सालची केंद्रीय संस्था, तिची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. मुंबईत वांद्र्याला याच विषयांची अली यावर जंग संस्था आहे. दुसरीकडे कुठेही जायचं तर कोर्सला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता आहे ना ते आधी तपास. आरसीआयकडे नोंदणी झाल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, तेव्हा चार-सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटच्या जाहिरातींकडे बघूसुद्धा नकोस.

एक सांगून ठेवते : यात निम्मा अभ्यास कानाचा असतो. ध्वनीचं फिजिक्स, ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख), श्रवणयंत्रं. 'मला बोलणं शिकवायचंय' म्हणत आलेली मुलं तिथे कंटाळतात. आणि सगळे पेशंट आजोबांसारखे नसतात. तोतरं बोलणारा शाळकरी मुलगा असतो, टाळू दुभंगलेलं बाळ असतं, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं यंत्र, लागल्यानंतर पहिल्यांदा आवाज ऐकणारी मुलगी असते. पक्षाघातानंतर अनेकांना घास नीट गिळता येत नाही, तेही हेच लोक शिकवतात.

फॉर्म भरण्याआधी मॅडमना विचारून बाबांना एका सेशनला बसव. मोबाइल बाहेर ठेवायला लाव, आणि आजोबा अडले की मधे शब्द सांगायचा नाही, हे आधीच बजाव.