थायरॉईडची गोळी चालू असताना वजन कमी करायच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर काय काळजी घ्यावी?

ताई, लग्नाला तीन महिने राहिलेत, थायरॉईडची गोळी रोज सकाळी चालू आहे आणि मैत्रिणीनं वजन उतरवायच्या कॅप्सूल दिल्यात असं तुम्ही लिहिलंय. माझं कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकल आहे, डी फार्म झालोय, काउंटरवर सोळा-सतरा वर्षं गेली. पण आधी दुकानातलं नाही, घरातलं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मिसेसला रात्रीची झोप येईना, छातीत धडधड, तोंडाला कोरड, आणि चिडचिड तर अशी की पोरं मी दुकानातनं कधी येतोय याची वाट बघत बसायची. रंकाळ्याला रोज फेरी मारणारी बाई, ती अर्ध्यातच कट्ट्यावर बसायला लागली. बीपी १५०/१००. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का, दोन्ही वेळा ही "नाही" म्हणाली. मग ईसीजी, रक्त, थायरॉईड, सगळं नॉर्मल. आणि एका रविवारी मी शेंगदाण्याचं कूट हुडकत होतो तर ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागं एक पांढरी डबी, भिशीतल्या कुणा बाईकडनं घेतलेली. मेडिकलवाल्याच्या घरात, मेडिकलवाल्यापासनं लपवून! का सांगितलं नाहीस म्हटलं तर म्हणते, "तुम्ही घेऊ दिलं असतं होय?" आणि धडधडतंय म्हणजे चरबी जळतीय, असं त्या बाईनं सांगितलेलं.

डबीवर हिरवं पान, शंभर टक्के हर्बल, साइड इफेक्ट नाही. बॅच नंबर नाही, कुठं तयार झालं तो पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही. खऱ्या आयुर्वेदिक औषधावर हे सगळं असतंय, आणि फूड सप्लिमेंट असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्न-सुरक्षा संस्थेचा १४ आकडी नंबर असतोय (तो नंबर आहे म्हणजे वजन उतरणार असा अर्थ नाही हं, तो लोणच्याच्या बरणीवर पण असतोय). त्या कॅप्सूलमध्ये काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, रागाच्या भरात मी डबी फेकून दिली, तपासायला द्यायला पाहिजे होती, चूक माझीच. पण सिब्युट्रामिन नावाचं एक औषध असतंय, भूक मारायचं, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका दिसला म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बंद झालं, आपल्याकडं २०११ मध्ये बंदी आली, आणि आजपण "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत तेच गुपचूप घातलेलं सापडतंय. कधी लघवी जास्त करायचं औषध असतंय, कधी जुलाबाचं. चार दिवसात तीन किलो उतरलं म्हणून बाई खूश, पण ते पाणी गेलेलं असतंय, मग पायात गोळे येतात आणि पाणी पिलं की वजन परत जाग्यावर.

आता तुमचं. थायरॉईड चालू आहे म्हणून दोन गोष्टी नीट ऐका. एक, थायरॉईडचा डोस स्वतःच्या मनानं वाढवायचा नाही, लई जण करतात, वजन जरा उतरतंय पण हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं पोकळ होतात. दोन, डॉक्टरांनी ऑर्लिस्टॅट ही वजन उतरवायची गोळी लिहून दिली तर तिच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत किमान ४ तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगाला नीट लागत नाही. ऑर्लिस्टॅट जेवणातलं साधारण ३० टक्के फॅट पचू देत नाही, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायची, जेवण चुकलं तर गोळी पण चुकवायची. आणि गोळी घेऊन मिसळीच्या कटावर किंवा तांबड्या रश्श्यावर ताव मारलात तर तो तवंग खालनं जसाच्या तसा बाहेर येतो, कपडे खराब होतात, सांगायला लाज वाटते म्हणून हे कुणी सांगत नाही. फॅटबरोबर ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन पण जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना घ्यायची.

सेमाग्लुटाइडची गोळी, भूक कमी करणारी, जिची आता सगळीकडं चर्चा आहे, ती पण सकाळी रिकाम्या पोटीच असते, म्हणजे तुमच्या थायरॉईडच्या गोळीशी वेळेची मारामारी, ते डॉक्टरच बसवून देतील. घरात कुणाला थायरॉईडचा मेड्युलरी कॅन्सर झालेला असेल तर ती घ्यायचीच नाही. पोटात जोरात दुखून कळ पाठीत गेली तर वाट बघत बसू नका, स्वादुपिंडाला सूज असू शकते. आणि लग्नानंतर लगेच बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावी लागते, हे तुम्ही लिहिलं नाही म्हणून मुद्दाम सांगितलं.

मैत्रिणीनं दिलेल्या कॅप्सूल गार्सिनिया या झाडाच्या फळाच्या असतील तर, आपलं आमसूल त्याच खानदानातलं. पण आमटीत दोन आमसुलं टाकणं वेगळं आणि अर्क काढून कॅप्सूल खाणं वेगळं, अशा कॅप्सूलनी लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंग खाजायला लागलं तर त्याच दिवशी गोळी बंद आणि डॉक्टर. कुठल्याही गोळीचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथं नोंदवता येतंय.

वजन किती, उंची किती ते लिहिलं नाही तुम्ही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या आत असेल तर घागऱ्यासाठी गोळी कशाला, टेलर माप सैल करून देतोय की.

डबीच्या चारी बाजूंचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा, लाजू नका, ओरडले तर ओरडू देत. इथं टाकलात तर मी पण बघतो, पण लेबलवर छापलंय तेवढंच मला वाचता येणार, कॅप्सूलच्या आत काय भरलंय ते मला पण दिसत नाही.