'हिमोढ'मध्ये ओढा नाही

नागपूरच्या एका प्राध्यापिकाबाईंचा प्रश्न आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जुन्या हिमनद्यांच्या खुणांचा नकाशा त्या मराठीत आणताहेत. नकाशाच्या सूचीत 'मोरेन'साठी, म्हणजे हिमनदीने मागे टाकलेल्या दगडमातीच्या उंचवट्यांसाठी, 'हिमोढ' लिहिलं, तर विद्यार्थी 'बर्फाचा ओढा' समजतात. शिवाय हा शब्द दगडमातीला लावायचा, की तिच्या उंचवट्याला?

पहिलं सोपं आहे. हिम + ऊढ, गुणसंधी. 'ऊढ' हे संस्कृत 'वह्' धातूचं रूप, म्हणजे वाहून नेलेलं. 'नवोढा'त तेच आहे आणि 'प्रौढ'मध्येही. फक्त प्र + ऊढ इथे अपवाद म्हणून वृद्धी होते. तेव्हा हिमोढ म्हणजे बर्फाने वाहून आणलेलं. अनेकवचन 'हिमोढे' असं करू नका, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

खरा प्रश्न दुसरा. व्युत्पत्ती मालाकडे, म्हणजे दगडमातीकडे बोट दाखवते, नकाशा काढणारा मात्र आधी आकार बघतो. हवाई छायाचित्रांत त्याला दरीच्या उतारावरून लांबवर गेलेला पार्श्व हिमोढ दिसतो आणि दरीला आडवा, खालच्या अंगाला फुगलेला अंत्य हिमोढ. तो माथ्याची रेघ आखतो, कारण हिमनदी कुठवर आली होती ते तिच्यावरून कळतं. आपल्याकडच्या शेताचा धुरा, म्हणजे बांधच म्हणा: माती कसली ते नंतर, आधी हद्द.

या आखणीने अर्थ कसा उलटतो, ते स्कॉटिश हायलँड्समध्येच बघा. सुमारे 12,900 ते 11,700 वर्षांपूर्वीच्या थंडीत तिथे पुन्हा हिमनद्या वाढल्या. त्यांनी मागे ठेवलेली टेकाडांची गर्दी पाहून, बर्फ जागीच निपचित पडून वितळला असं बराच काळ मानलं जाई. 1990च्या दशकात बेनेट आणि बोल्टन या हिमनदी-अभ्यासकांनी विखुरलेली वाटणारी टेकाडं नकाशावर रांगांत जुळवली. त्यातल्या पुष्कळ रांगा टप्प्याटप्प्याने मागे हटणाऱ्या, जित्याजागत्या हिमनदीच्या कडेच्या निघाल्या.

म्हणून सूचीत 'हिमोढ' आकारासाठीच राखावा. मालासाठी 'हिमगाळ' सुचेल, पण मला तो पटत नाही. गाळ पाण्याने निवळून बसवलेला असतो. बर्फ काही निवडत नाही, पिठूळ मातीतच मोठाले धोंडेही टाकून जातो. सरळ 'टिल' लिहा आणि पहिल्या वेळी 'बर्फाने टाकलेली सरमिसळ दगडमाती' असा खुलासा द्या.

आकार आणि माल वेगळे का ठेवायचे, ते विद्यार्थ्यांना आपल्या विदर्भातच दाखवता येईल. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ पैनगंगेच्या पात्रात सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाने ओरखडलेला चुनखडक आहे आणि त्यावर 'तालचीर' नावाच्या खडकगटातला बोल्डर बेड, म्हणजे धोंड्यांचा थर. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी 1875 मध्ये त्याची नोंद केली. तिथे बांधाचा आकार उरलेला नाही, आहे तो माल, तोही दगड झालेला. त्याला 'हिमोढ' म्हणू नये. भूवैज्ञानिक 'बोल्डर बेड' म्हणतात, तेच छापावं.

सूचीत ड्रमलिन असतील तर पाठ्यपुस्तकी 'हिमोढगिरी' मात्र टाळा. लांबट, बुटकी टेकाडं ती, काहींच्या पोटात तर खडकच असतो. त्यांना 'गिरी' म्हणणं जरा जास्तच होतं. मी 'ड्रमलिन टेकाड' लिहीन.