'विणीचा हंगाम' की 'विणीचा ऋतू'?

एका वाचकाचा प्रश्न : दिवस मोठा होऊ लागला की पक्षी विणीला लागतात, असे वाचले. मग 'हंगाम' हा फारसी शब्द टाकून 'विणीचा ऋतू' म्हणावे का?

हंगाम खुशाल म्हणा. आंब्याचा चालतो, उसाच्या गाळपाचा चालतो, मग पक्ष्यांनीच काय घोडे मारले? माझे डोके उठते ते 'ऋतू म्हणजे हवा' हे समीकरण ऐकून. ऋतूचे मूळ 'ऋ' या गत्यर्थक धातूत. 'ऋत', म्हणजे सृष्टीचा नेम, हे त्याचे सख्खे भावंड. ऋग्वेदात ऋतू यज्ञाच्या नेमलेल्या वेळेसाठी येतो. आणि ऋतुमती, ऋतुस्नात, ऋतुकाल? तिथे ऊन-पावसाचा काय संबंध? काही पंडित स्त्रीच्या देहाशी जोडलेला हा अर्थ 'मागाहून चिकटलेला सभ्य पर्याय' म्हणून निकालात काढतात. साफ नामंजूर! नेमलेली वेळ हाच गाभा; गर्भधारणेची वेळ त्यातच आली.

पक्षी माझ्या बाजूने साक्ष देतात. कॅनडात एडमंटनला विल्यम रोवन यांनी १९२४ च्या शरदात जुंको नावाचे चिमणीसारखे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडाथोडा लांबवला. कडाक्याच्या थंडीतही दिव्याखालच्या नरांची वृषणे वसंतातल्यासारखी वाढली. शेजारच्या बिनदिव्याच्या नरांची बारीकच राहिली. हवा तीच, ऋतू निराळा! याला डोळेही लागत नाहीत. कवटीतून झिरपलेला उजेड मेंदूला थेट कळतो, हे झाक बन्वा यांनी बदकांवर दाखवले.

पुढे एबरहार्ड ग्विनर यांनी वटवटे पक्षी बारा तास उजेड, बारा तास अंधार अशा खोलीत वर्षानुवर्षे ठेवले. तरी पिसे झडणे आणि स्थलांतराच्या वेळची रात्रीची तगमग ठरल्या क्रमाने येतच राहिली, फक्त फेरा दहा महिन्यांच्या आसपास आला. शरीरातल्या या फेऱ्याला 'वार्षिक घड्याळ' म्हणणाऱ्यांनी हे दहा महिने मोजावेत. 'अदमासे वार्षिक' म्हणा. इंग्रजीत याला 'सर्कॅन्युअल' म्हणतात, त्यातल्या लॅटिन 'सर्का'चा अर्थ 'अदमासे' हाच. त्याला वर्षाशी जुळवून घेते ती दिवसाची लांबी.

मुंबईत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. तरी सुगरणीचा नर (घरटे विणतो तोच, नाव मात्र बाईचे!) वाढत्या दिवसाने आतून तयार होतो, घरट्याला लागणारे लांब हिरवे पाते मात्र पावसानंतरच मिळते. म्हणून शरीराची तयारी तो ऋतू, आणि गवत आल्यावर सुरू होते ती धांदल म्हणजे हंगाम.