पावसाळ्यात हिरवळीला खत का नको?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतात. वर्षातले काही महिने मी त्यांच्याकडे असतो आणि घरासमोरच्या हिरवळीची देखभाल हौसेने करतो. पाऊस सुरू झाला की खत द्यावे, असे मी आजवर समजत आलो; तिथे मात्र नेमक्या पावसाच्या दिवसांत, म्हणजे 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात, हिरवळीला खत घालण्यास बंदी आहे. एका अंगणातल्या चार मुठी खताने खाडीचे असे काय बिघडणार? शिवाय खताची अर्धी पिशवी घरात पडून आहे, तिचे काय करावे? — एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : पाऊस आणि खत यांचे नाते आपण म्हणता तसे आहे खरे, पण ते वाफशावर अवलंबून असते. जमिनीत ओल आहे आणि पाणी वाहत नाही, अशा वेळी दिलेले खत मुळांना मिळते. फ्लोरिडात मात्र या चार महिन्यांत दुपार कलली की ढग दाटून येतात आणि तासाभरात धो धो पाऊस कोसळून जातो. त्यातच तिथली जमीन बहुतांशी रेताड आहे. नत्र नायट्रेटच्या रूपात आले की मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, कारण दोघांवरही ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे जोराच्या पावसाबरोबर ते मुळांच्या खाली झिरपून भूजलात जाते किंवा पृष्ठभागावरून थेट रस्त्याकडेच्या गटारात उतरते.

या गटाराविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. घरातले सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते, तसेच पावसाचे पाणीही जात असावे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पावसाळी गटारातले पाणी बहुतेक ठिकाणी तळ्यात, ओढ्यात किंवा खाडीत तसेच सोडलेले असते. खत पसरल्यानंतर वाहनतळाच्या सिमेंटवर उडालेले पांढरे दाणे आपण पाहिलेच असतील. पुढच्या सरीनंतर ते तिथे दिसत नाहीत, आणि ते कुठे गेले असतील हे निराळे सांगायला नको.

पाण्यात पोहोचलेले नत्र आणि स्फुरद शेवाळाचेही अन्नच असते. गोड्या पाण्यात सहसा स्फुरदाची आणि खाऱ्या पाण्यात नत्राची टंचाई शेवाळाला आवरून धरते. ती संपली की शेवाळ माजते, पाणी गढूळ हिरवे होते आणि तळाच्या समुद्रगवताला सूर्यप्रकाश मिळेनासा होतो. पुढे हे शेवाळ मरून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील इंडियन रिव्हर लगून या खाऱ्या पाण्याच्या उथळ खाडीत 2011 पासून हेच घडत गेले. समुद्रगवत मोठ्या प्रमाणात नष्ट झाले आणि त्यावर जगणाऱ्या मॅनाटी या मोठ्या सागरी सस्तन प्राण्यांवर उपासमार ओढवली; 2021 या एका वर्षात फ्लोरिडात सुमारे 1,100 मॅनाटी दगावले, त्यांतले अनेक भुकेने. याचा सगळा दोष हिरवळींवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण शोषखड्ड्यांचे आणि मैल्याचे पाणीही त्याला कारणीभूत आहे; पण हिरवळीचे खत हा त्यातला असा वाटा आहे, जो थांबवायला कोणाला एक पैसाही खर्च करावा लागत नाही.

असे धोके ओळखूनच पश्चिम किनाऱ्यावरील सारासोटा काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) 2007 मध्ये आणि पिनेलास काउंटीने 2010 मध्ये असे नियम केले. पिनेलासमध्ये तर या चार महिन्यांत नत्र-स्फुरदयुक्त हिरवळीच्या खताच्या विक्रीवरही बंदी आली. गवत जोमाने वाढत असतानाच नत्र उत्तम शोषते, तेव्हा या चार महिन्यांतली बंदी उलटी पडेल, असा आक्षेप काही गवततज्ज्ञांनी घेतला आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा असाच आहे. तरीही खत टाकल्यावर दोन तासांत ढगफुटीसारखी सर येईल की नाही, हे घरमालकाला आधी कळत नाही. म्हणून मला ही बंदीच अधिक सुरक्षित वाटते. मेरीलँड आणि न्यू जर्सी या थंड राज्यांत हाच विचार हिवाळ्यात लागू होतो : गवत सुप्तावस्थेत असते, खत घेत नाही, म्हणून तिथे नोव्हेंबरच्या मध्यापासून 1 मार्चपर्यंत मनाई असते.

चार मुठींबद्दल म्हणाल, तर पिशवीवरचे तीन आकडे पाहावेत. ते अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी सांगतात. 15-0-15 असे लिहिलेल्या 20 किलोच्या पिशवीत 3 किलो निव्वळ नत्र असते, आणि एका गटाराला अशी शेकडो अंगणे जोडलेली असतात.

या महिन्यांत गवत पिवळट दिसले तर लोह द्यावे. त्यात नत्र आणि स्फुरद नाही एवढी खात्री पिशवीवरून करून घ्यावी. त्याने हिरवेपणा येतो, वाढ मात्र भडकत नाही. सिमेंटवर सांडलेले लोह लगेच झाडून घ्यावे, नाहीतर तांबूस डाग पडतात. कापलेले गवत हिरवळीवरच राहू द्यावे, कारण त्यातले नत्र तिथेच परत मुरते. ते रस्त्यावर झाडून लोटले तर तेही गटारातच जाते.

उरलेली पिशवी तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवावी. ऑक्टोबरमध्ये ती वापरता येईल. दाणे ओल लागून गोळा झाले तरी फोडून चालतात. मात्र तेव्हाही पाण्याच्या काठापासून निदान 10 फूट जागा मोकळी सोडावी आणि नेमके अंतर त्या काउंटीच्या नियमांत पाहून घ्यावे.