पीपीएफ मोडू की शैक्षणिक कर्ज काढू?

प्रश्न : मुलाला कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) पुण्यातल्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. खुला प्रवर्ग. वर्षाची फी १,३८,००० रुपये, त्यात शिक्षण शुल्क १,२०,०००. हॉस्टेल आणि मेस मिळून ९०,०००. मी ५३ वर्षांचा, खासगी कंपनीत, वर्षाचा पगार साडेपाच लाख. पत्नीला शिवणकामातून सत्तरेक हजार मिळतात. पीपीएफमध्ये ८ लाख २० हजार आहेत, खातं आणखी चार वर्षांनी पूर्ण होईल. एफडी ३ लाखांची. धाकटी मुलगी नववीत. गावी माझ्या नावावर दीड एकर जमीन आहे. मेहुणे म्हणतात, कर्ज डोक्यावर घेऊ नका, पीपीएफ कशासाठी ठेवलाय? शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत असं ऐकतो, म्हणून अजून अर्जही भरलेला नाही. एक एजंट म्हणतो, चार लाखांच्या उत्पन्नाचा दाखला काढून देतो, म्हणजे कर्जाचं व्याज माफ होईल. काय करावं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर :

आधी मुलाचं अभिनंदन. आता लगेच कामाचं बोलतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग गोष्ट कर्ज नाही, न भरलेला अर्ज आहे.

तुमचं दोघांचं मिळून उत्पन्न सव्वासहा लाखांच्या आत आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेची मर्यादा ८ लाख आहे आणि प्रवेश कॅपमधून झालेला असल्यामुळे मुलगा तिच्यात बसतो. (हाच प्रवेश मॅनेजमेंट कोट्यातून घेतला असता तर हा दरवाजा बंदच होता.) शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम म्हणजे वर्षाला ६०,०००, चार वर्षांत २,४०,०००. हे पैसे परत करायचे नाहीत. ते उशिरा येतात ही तक्रार खरी आहे, पण उशीर हा रोकडीचा प्रश्न आहे आणि त्यासाठी तुमच्याकडे एफडी आहे. पैसे सहा महिन्यांनी येणार म्हणून अडीच लाखांवर पाणी सोडणं मला पटत नाही.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरायचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका जवळ ठेवा. मुलाच्या खात्याबाबत एक गोष्ट बँकेत स्वतः जाऊन विचारा. आधारचा नंबर बँकेत दिलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे ज्या खात्यात यायचे त्या खात्याशी आधार जोडलेला असणं वेगळं. पासबुकावर शिक्का आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि पैसे कुठल्या तरी जुन्या खात्यात जातात, नाहीतर अडकतात. काउंटरवर सरळ विचारा, ‘या खात्याला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, आधार सीडिंग (जोडणी) झालंय का?’ गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच आहे ना, तेही आजच ताडून बघा. आणि हा अर्ज दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरणारी घरं मी पुष्कळ पाहतो.

गावच्या दीड एकराचा उल्लेख तुम्ही सहज केलात, पण त्याचाही उपयोग आहे. अल्पभूधारक असल्याचा दाखला मिळत असेल तर त्याच पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्जही भरा. तो मंजूर झाला तर कर्जाची उचल तेवढी कमी करता येईल. खालचा हिशोब मात्र मी तो धरून केलेला नाही.

शिष्यवृत्ती वजा जाता वर्षाला १,६८,००० उरतात, चार वर्षांचे ६,७२,०००. खरा निर्णय एवढ्याच रकमेचा आहे.

मेहुण्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पीपीएफवर ७.१ टक्के मिळतात, शैक्षणिक कर्ज साडेनऊच्या आसपास धरू. महाग कर्ज घेऊन स्वस्त ठेव जपायची हे कागदावर उलटं दिसतं. पण ‘मोडा’ म्हणजे नक्की काय, ते बघा. उच्च शिक्षणासाठी खातं मुदतीआधी बंद करता येतं, मात्र तेव्हा आजवरच्या सगळ्या वर्षांचं व्याज एक टक्क्याने कमी धरतात. तो रस्ता नकोच. वर्षातून एकदा ठरावीक मर्यादेत अंशतः रक्कम काढता येते, त्याला दंड नाही. मेहुण्यांचा सल्ला पाळायचाच तर याच मार्गाने.

तरीही मी तुम्हाला कर्ज काढा असं म्हणेन. पीपीएफमधून बाहेर आलेला पैसा परत आत घालायला वर्षाला दीड लाखाची सीमा आहे, आणि तुमच्या पगारात, मुलीचं शिक्षण तोंडावर असताना, तेवढीही भर पडणार नाही. पैसे गेले ते गेले. कर्जाचं तसं नाही. ते कधीही फेडता येतं आणि बदलत्या व्याजदराच्या शैक्षणिक कर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही. मुलाची पदवी आणि तुमच्या पीपीएफची मुदत जवळपास एकाच वेळी पूर्ण होत आहेत. त्या दिवशी मुलाला नोकरी लागली की नाही, मुलीला कुठे प्रवेश मिळतोय, तुमची तब्येत आणि कंपनी कशी आहे, हे सगळं समोर असेल. तेव्हा हवं तर पीपीएफमधून कर्जाचा मोठा भाग फेडून टाका. आज काहीच माहीत नसताना तो निर्णय का घ्यायचा?

या मोकळिकीची किंमत मोजून बघू. हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार, मग तीन, मग दोन वर्षं व्याज चढतं. साडेनऊ आणि ७.१ मधला २.४ टक्क्यांचा फरक या सगळ्यावर ढोबळमानाने ५६,००० रुपये होतो. खासगी नोकरी, पेन्शन नाही, वय ५३. म्हातारपणासाठी कुठलीही बँक कर्ज देत नाही. मला ही किंमत जड वाटत नाही.

फक्त व्याज साचू देऊ नका. काहीच भरलं नाही तर हप्ता सुरू होताना कर्ज ८ लाख ९५ हजारांवर गेलेलं असेल आणि दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे ११,६०० बसेल. व्याज दरमहा भरत गेलात तर मुद्दल ६,७२,००० वरच राहील आणि हप्ता ८,७०० च्या आसपास. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला १,३३० रुपये आहे, चौथ्या वर्षी ५,३२०. शिकत असताना व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. शाखेत हे आवर्जून विचारा.

आता प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या या योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत आहे. कॉलेज योजनेच्या यादीत असावं लागतं. पण दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीला पात्र असणाऱ्याला ही सवलत नाही, आणि हे शाखेत कुणी आपणहून सांगेलच असं नाही. शिष्यवृत्ती सोडून पूर्ण ९,१२,००० चं कर्ज काढलं आणि ही सवलत मिळाली असं धरलं, तरी तिच्यातून साधारण ९६,००० वाचतील. समोर २,४०,००० फुकट मिळत आहेत. यात विचार करण्यासारखं काही उरत नाही.

बँकेत मागणी साडेसात लाखांच्या मंजुरीची करा, चारही वर्षांची एकदम, हॉस्टेल आणि लॅपटॉप धरून. उचल मात्र दरवर्षी लागेल तेवढीच. फी वाढली तर धावपळ होणार नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पत हमी योजनेचं पाठबळ असतं, त्यात तारण किंवा तिसरा जामीनदार मागायचा नसतो. तुम्ही सहकर्जदार असाल, एवढं पुरे. ‘एफडीवर लीन ठेवा’ (म्हणजे ती बँकेकडे तारण अडकवा) असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा आणि अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी मागा. ती एफडी मोकळीच हवी. शिष्यवृत्ती येईपर्यंतची खोट तीच भरून काढेल आणि घरातल्या आजारपणालाही तीच आहे.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणाऱ्या ८०ई च्या वजावटीची भुरळ पडू देऊ नका. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि तुमच्या पगारावर तसाही कर बसत नाही.

राहिला एजंट. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला व्याज अनुदान आहे हे खरं, म्हणून तो चार लाखांचा दाखला सुचवतोय. तुमचा फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि कराचा दाखला, त्याच बँकेच्या त्याच फाइलमध्ये साडेपाच लाखांचा लागणार आहे. दोन कागद एकमेकांना खोटं पाडतील, आणि खोट्या दाखल्यावर मिळालेला लाभ वसूल होतो, गुन्हाही दाखल होऊ शकतो. त्यात नाव मुलाचं असेल, अठराव्या वर्षी. आणि यातून मिळणार काय? खऱ्या दाखल्यावर शिष्यवृत्तीतून तुम्हाला जवळपास तेवढंच मिळतंय. पत्नीचं शिवणकामाचं उत्पन्नही धरून खरा दाखला काढा. तो ८ लाखांच्या आतच आहे.

बँकेत जाताना मुलाला बरोबर न्या. कर्ज त्याच्या नावावर असेल, हप्ता पुढे त्याच्या पगारातून जाणार आहे. व्याज किती, हप्ता केव्हापासून, हे त्यानेच विचारू दे. मंजुरीपत्र त्याच्याकडून वाचून घ्या आणि मगच सही करा.