डिप्रेशनला मराठीत काय म्हणायचं, आणि कोण काय म्हणतं

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "डिप्रेशनसाठी 'नैराश्य' हा शब्द बरोबर आहे का? परवा ऑफिसात वाद झाला. एक जण म्हणाले, हा शहरातल्या शिकल्यासवरलेल्या लोकांचा आजार आहे, खेड्यात त्याला शब्दसुद्धा नाही."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शब्द चालतो, पण पुरत नाही. दुसऱ्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल, कारण त्या सहकाऱ्यांचं म्हणणं पुष्कळांना पटतं आणि त्याने नुकसान होतं.

'नैराश्य' आला 'निराश'वरून. निराश म्हणजे ज्याची आशा गेली तो. म्हणजे आधी कशाची तरी आशा होती आणि ती फळली नाही, असं त्या शब्दात गृहीतच आहे. म्हणून "मला नैराश्य आलंय" म्हटलं की समोरचा पटकन विचारतो, "का? काय झालं?" कारण सांगता आलं नाही, तर त्याचा विश्वास बसत नाही. पण या आजारात कित्येकांकडे दाखवायला कारण नसतं. नोकरी आहे, मुलंबाळं धड आहेत, आणि तरी सकाळी अंथरुणातून उठवत नाही. 'नैराश्य' हा शब्द अशा माणसाकडे पुरावा मागतो.

'औदासीन्य' काही जुन्या लेखनात आढळतो. त्याचा इतिहास गमतीचा आहे. उदासीन म्हणजे उद् + आसीन, बाजूला बसलेला, तटस्थ. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना 'उदासीनो गतव्यथः' असं येतं. तुकोबांच्या 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' मध्ये उदास म्हणजे निर्लोभ. जो शब्द कधी गुण होता, तो आज तोंड पाडून बसलेल्या माणसाला लागतो. 'खिन्नता' मला अधिक जवळचा वाटतो, कारण खिद् धातूत दबण्याचा अर्थ आहे आणि 'डिप्रेशन'च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'खाली दाबणं' असाच आहे. (हवामानाच्या बातम्यांत याच इंग्रजी शब्दासाठी आपण 'कमी दाबाचा पट्टा' म्हणतो, अर्थकारणात 'मंदी'.) पण खिन्नता फार पुस्तकी. दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, मला खिन्नता आहे" असं कुणी म्हणत नाही.

मग लोक म्हणतात काय?

माझी एक मावशी, सातारा जिल्ह्यातल्या लहान गावात राहणारी, दोन वर्षं एकच वाक्य बोलत होती: "अंगात त्राण नाही गं." गावातल्या दवाखान्यात तिला शक्तीच्या बाटल्या लावल्या, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. रक्त ठीक होतं. मग कधीतरी भाकरी थापताना ती मला म्हणाली, "जेवण गोड लागत नाही, कुणी आलं तर बरं वाटत नाही, गेलं तर करमत नाही." आजाराचं अख्खं वर्णन तिने एका वाक्यात केलं होतं. नाव मात्र तिच्याकडे नव्हतं, आणि आम्हाला ते ओळखता आलं नाही.

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. कायमचा थकवा सांगणाऱ्या बायकांचा त्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. थकव्याचा संबंध रक्तातल्या हिमोग्लोबिनशी लागला नाही. तो लागला मनाच्या त्रासाशी आणि घरात बाईला मिळणाऱ्या वागणुकीशी. 'अंगावरून पांढरं जातं' या तक्रारीबाबतही जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशीच नातं अधिक दिसलं. म्हणजे खेड्यातल्या बाईकडे शब्द आहेत, पण ते अंगाचे आहेत. आणि आपण मनाचा शब्द शोधत बसलेलो.

पटेल त्याआधी झिम्बाब्वेत काम करत होते. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे 'अतिविचार करणं'. हे वाचून मी चमकलो, कारण आपल्या बायकाही हेच म्हणतात: "लई विचार करते, डोकं गच्च होतं."

आता आकड्यांकडे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतल्या सुमारे ३५ हजार प्रौढांना प्रश्न विचारले (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता). दर २० जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन झाल्याचं आढळलं. प्रमाण बायकांत, चाळिशीतल्या माणसांत आणि महानगरांत जास्त. तुमच्या सहकाऱ्यांच्या कानावर बहुधा हाच 'महानगरांत जास्त' भाग आला असावा. पण जास्त म्हणजे फक्त तिथेच, असं नव्हे. याच सर्वेक्षणात हेही दिसलं की डिप्रेशन, चिंताविकार अशा नेहमीच्या मानसिक आजारांच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. सुरुवातीच्या पाहणीत डिप्रेशन असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कुणाची मदत घेत होते. गावातलीच माणसं शिकवून तयार केली, त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केलं, आणि नंतरच्या पाहणीत ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. आजार गावात नसता, तर मदत घ्यायला एवढी माणसं आली कुठून?

माझा मुख्य मुद्दा आता सांगतो, आणि तो व्याकरणाचा आहे. "मला करमत नाही", वऱ्हाडात "मले गमत नाही", "जीव लागत नाही", "झोप लागत नाही", "उठवत नाही". या सगळ्या वाक्यांत 'मी' कर्ता नाही. 'मला' आहे, नाहीतर तोही गाळलेला. माणूस काही करत नाहीये, त्याच्या बाबतीत काही होतंय. आजाराचं याहून प्रामाणिक व्याकरण मला माहीत नाही. उलट आपण त्याला काय सांगतो? "टेन्शन घेऊ नको." "चिंता करू नको." घेणं आणि करणं! एका क्रियापदात आपण त्याला कर्ता करतो, म्हणजे दोषीही करतो. त्याने ते घेतलं असतं, तर खाली ठेवताही आलं असतं.

'चिंता'बद्दल थोडक्यात. चिन्त् म्हणजे विचार करणं. चिंतन त्याच घरातलं. म्हणून विश्वाची चिंता करणाऱ्या समर्थांच्या गोष्टीत तो शब्द शोभतो. आजारासाठी 'चिंताविकार' म्हणावं, नुसतं 'चिंता' नको. बोलण्यात मात्र "जीव घाबरा होतो", "छातीत धडधडतं", "कसली तरी धास्ती वाटते" हेच ऐकू येईल. पुरुषांकडून तेवढंही नाही. त्यांच्याकडे सगळ्याला मिळून एक 'टेन्शन' असतं, आणि तेही बऱ्याचदा चिडचिडीतून नाहीतर दारूतूनच कळतं.

तेव्हा ताई, लेखात, अहवालात 'नैराश्य' किंवा 'नैराश्यविकार' लिहा. रूढ आहे, कळतो. 'डिप्रेशन' लिहिलंत तरी मला खटकणार नाही, फक्त मालिका संपली म्हणून "डिप्रेशन आलं" म्हणू नये. पण घरातल्या माणसाला विचारायचं असेल, तर यातला एकही शब्द वापरू नका. "हल्ली करमतं का? जेवण गोड लागतं का? झोप लागते?" एवढं विचारा. उत्तर बरेच दिवस 'नाही' येत असेल, तर डॉक्टरांकडे न्या, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या, क्रमांकावर मराठीत बोला. तिथेही आजाराचं नाव सांगावं लागत नाही. "करमत नाही" म्हटलं तरी चालतं.